बागेवर घातलेला मांडव

"ऊन काय झकास पडलंय अक्का, फोटो एकदम क्लिअर येणार बगा!"

हुमनाबादच्या बसस्टँडसमोरच्या माझ्या दुकानात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की तितक्यांदा स्वतःचं नावही ऐकलं नसेल. नाव तसं कुणाला माहीतच नाही. बिदरपासून आळंदपर्यंत मी सगळ्यांची फोटोअक्का. नवरीच्या पदराची पिन लावायला, मुलगी बघायला येणाऱ्यांना पाठवायचा फोटो काढायला, बाळंतिणीच्या खोलीत शिरायला बाई फोटोवाली बरी, म्हणून लोक मला बोलवायला लागले. पुढं सवयच झाली.

तर हे ऊन. लोकांना वाटतं, फोटोवाल्याला ऊन म्हणजे सण. खरं उलटं आहे. माणसाचा डोळा समजूतदार असतो. त्याला उन्हातलंही दिसतं, सावलीतलंही दिसतं, दोघांचं तो मिटवून घेतो. कॅमेऱ्याला मिटवून घेता येत नाही. उन्हाचं ऐकलं तर सावली काळीठिक्कर होते, सावलीचं ऐकलं तर ऊन पांढरंफटक होतं. भर दुपारच्या अक्षता असल्या की मी आधी सावलीचा कोपरा शोधते. एका लग्नात नवरदेव तुळतुळीत दाढीमिशी करून आलेला, नाक चाफेकळी. सूर्य डोक्यावर. नाकाची सावली अशी पडली, की अल्बमभर त्याला बारीक कातरलेली मिशी! नवरीच्या आजोबांनी अल्बम बघितला आणि जावयाला म्हणाले, "मिशा काय शोभायल्या होत्या हो तुमाला. काढल्या कामून?" जावयानं खरंच मिशा ठेवल्या. बायकोला त्या आवडत नाहीत. तिचा राग माझ्यावर.

वर बिदरकडची माती लाल. उन्हात ती खालून उजेड फेकते आणि नवरीच्या हनुवटीवर पार्लरवालीनं न लावलेली लाली चढते. वरून मिशी, खालून लाली, अशी आमची उन्हाळी लग्नं.

असो. मला सांगायचंय ते लग्नाचं नाही. निदान मला बोलावलं तेव्हा ते लग्न नव्हतं.

शिमगा उलटून गेला होता, उगादीचा पाडवा यायचा होता. लग्नसराईच्या आधीचे ते मोकळे दिवस. दुकानात मी लेन्स पुसत बसले होते. फोन आला.

"फोटोअक्का का? मी शरणप्पा बोलायलोय, जनवाड्याहून. बागेचा फोटो काढायचाय."

"बागेत कुणाचा?"

"कुणाचा न्हाई. बागेचा. रिकाम्या बागेचा."

मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. इतकी वर्षं फोटो काढले, पण माणूस नसलेला फोटो काढायला मला कुणी बोलावलं नव्हतं. माणसं हलतात, डोळे मिटतात, पोट आत ओढून श्वास कोंडून धरतात, आणि वर "मी अशी दिसत न्हाई" म्हणून भांडायला येतात. फूल भांडायला येत नाही. मी हो म्हणून फोन ठेवते न ठेवते तोच दुसरा फोन.

"मी मल्लप्पा. जनवाड्याहूनच. बागेचा फोटो काढायचाय. त्यांचा फोन येऊन गेला का?"

"कुणाचा?"

"थोरल्याचा."

"आला."

"मग मी बी बोलावलंय, हे ध्यानात ठेवा. एकट्याच्या बोलवण्यावर येऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी स्कूटी काढली. जनवाड्याबाहेर रस्त्याला लागून दोन घरं, दोन फाटकं, आणि मधे ती बाग. एका फाटकात पांढऱ्या टोपीचे, भरदार अंगाचे शरणप्पा. दुसऱ्या फाटकात चष्मेवाले, किडकिडीत मल्लप्पा. दोघंही मला हात करत होते आणि दोघंही एकमेकांकडं बघत नव्हते. कुठल्या फाटकानं आत जावं हे न कळून मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, त्यानं हॉर्न दिला, आणि मी घाबरून दोन्ही फाटकांच्या मधल्या मेंदीच्या कुंपणातल्या फटीतून स्कूटी घातली. तो निर्णय बरोबर होता, हे नंतर कळलं. दोन्ही घरांतून चहा आला. दोन्ही प्यावे लागले, आणि तेही सारख्या घोटांनी, कारण दोन्ही भाऊ माझ्या कपाकडं बघत होते.

मग मी बाग बघितली.

काय सांगू! आमच्याकडं बाग म्हणजे विहिरीपाशी चार जास्वंदी आणि एक कढीलिंब. ही बाग पट्टीनं आखल्यासारखी होती. मधून लांबच लांब पाण्याचा पाट, पाटाच्या मधोमध गोल कारंजं, दोन्ही अंगाला चौकोनी वाफे, वाफ्यांना कापून सपाट केलेल्या मेंदीचा काठ, लाल मातीच्या सरळ वाटा. इकडं गुलाब तर तिकडं गुलाब. इकडं पिवळी झिनिया तर बरोबर समोर तिकडं पिवळी झिनिया. दोन्ही कडांना उंच अशोकाची रांग, जणू लग्नात दोन्हीकडची माणसं समोरासमोर उभी. फाल्गुनातलं स्वच्छ ऊन, पाकळ्यांवर शिंपलेल्या पाण्याचे थेंब. मी दुसरा चहा हातात धरून तशीच उभी राहिले.

भावांची गोष्ट मला त्यांच्या बायकांनी सांगितली. थोरली गुरम्मा, धाकटी सुवर्णा. दोघी मेंदीच्या कुंपणावरून वाटीची देवाणघेवाण करत होत्या आणि एकमेकींचं वाक्य पुरं करत होत्या.

सासरा तुरीचा व्यापारी. एकदा म्हैसूरकडं गेला, तिथल्या आखीव बागा बघून वेडा होऊन आला, आणि तुरीच्या रानातला रस्त्याकडचा तुकडा सोडून त्यानं ही बाग घातली. सुतळी धरून एकेक रोप लावायचा. इकडं जे असेल ते तिकडं असलंच पाहिजे, असा दंडक. तो गेल्यावर वाटणी झाली आणि शेताची रेघ नेमकी बागेच्या मधून, कारंज्याच्या पोटातून गेली. तिथवर सगळं गोडीत होतं.

"मग कशावरून बिनसलं?" मी विचारलं.

"हंसावरून," गुरम्मा म्हणाली.

कारंज्यावर सासऱ्यानं सिमेंटचा राजहंस बसवला होता. त्याची चोच मल्लप्पांच्या बाजूला आणि शेपूट शरणप्पांच्या बाजूला.

"आमचे म्हणले, थोरला मी असताना मला शेपूट कामून?"

"आमचे म्हणले, अप्पांनी बसवलाय तसा ऱ्हाऊ द्या."

"झालं. तवापास्नं अबोला."

"कारंज्याची मोटार थोरल्यांकडं..." सुवर्णा म्हणाली.

"...आणि व्हॉल्व्ह धाकट्यांकडं," गुरम्मानं पुरं केलं. "दोघांनी मिळून सोडल्याबिगर कारंजं उडत न्हाई. कोरडं पडलंय ते."

अबोला होता, पण बाग मात्र बापाच्या दंडकाप्रमाणं चालूच. थोरल्यानं बोगनवेल लावली की आठवड्यात धाकट्याकडं बोगनवेल. एकानं मेंदी कापली की दुसऱ्याची कात्री सुरू. एकमेकांच्या वाफ्यावर दोघांचा इतका बारीक डोळा, की तेवढं नवरा-बायकोचंही एकमेकांकडं लक्ष नसतं.

आता बिदरच्या एका हौशी मंडळानं घरगुती बागांची स्पर्धा ठेवली होती. एकच फोटो पाठवायचा आणि त्यात अख्खी बाग दिसली पाहिजे. अर्ध्या बागेला तिथं कोण विचारणार? म्हणून दोघांनी, एकमेकांशी न बोलता, मला बोलावलं. आपल्या बापाच्या बागेला बक्षीस मिळावं असं दोघांनाही मनापासून वाटत होतं. फक्त आपली बाजू जास्त चांगली दिसून मिळावं, एवढीच अपेक्षा.

मी पाटाच्या टोकाला शिडी लावली. एक पाय थोरल्यांच्या हद्दीत, एक धाकट्यांच्या. वर चढले, फोटो काढला आणि कॅमेऱ्याचा पडदा दाखवला.

शरणप्पांनी डोळे बारीक केले. "अक्का, ह्येच्यात माझी बाग अंधारात हाय."

खरंच होती. सकाळचं ऊन पूर्वेकडून. त्यांची बाजू पूर्वेची, त्यांच्या अशोकाची लांब सावली त्यांच्याच वाफ्यांवर पडलेली. धाकट्यांची बाजू मात्र उन्हात लखलखत होती.

"त्यांला सांगा," मल्लप्पा मला म्हणाले, "झाडं उंच वाढवली की असंच व्हतंय."

शरणप्पा हातभर अंतरावर उभे. तरी मी वळून म्हणाले, "अण्णा, ते म्हणतात, झाडं उंच वाढवली की असंच होतं."

"त्यांला सांगा, झाडं अप्पांनी लावलीत."

मी पुन्हा मल्लप्पांकडं वळले, "अण्णा, ते म्हणतात..."

"ऐकलं मी. त्यांला सांगा, मी ऐकलं म्हणून."

मराठीतून मराठीत दुभाष्याचं काम मी त्या दिवशी पहिल्यांदाच केलं. उपाय म्हणून मी संध्याकाळपर्यंत थांबले. संध्याकाळी ऊन पश्चिमेकडून आलं, थोरल्यांची बाग सोन्यासारखी उजळली आणि धाकट्यांची काळोखात गेली. शरणप्पांना तो फोटो फार आवडला. मल्लप्पांनी चष्मा पुसला, परत बघितलं, आणि म्हणाले, "त्यांला विचारा, ह्यो फोटो बागेचा हाय का वाटणीचा?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आले. सूर्य जवळजवळ माथ्यावर, दोन्ही बाजू सारख्या. फोटो काढला. गुलाब कागदाचे दिसत होते, वाटा तव्यासारख्या भगभगीत, आणि एकूण बाग म्हणजे उन्हात उभं केलेलं बसस्टँड. थोरल्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, फोटो वाईट आहे. धाकट्यांनीही बाजूला घेऊन तेच सांगितलं. पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं, पण ते त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

"मग आता?" शरणप्पा.

"ढग पाहिजे," मी म्हणाले. "सूर्यावर पातळ पांढरा ढग आला की ऊन गाळून येतं. सावली पडत नाही, रंग खुलतात. दोन्हीकडं सारखंच."

आम्ही तिघांनी वर बघितलं. आकाश असं निळंकोरं, की घारसुद्धा तिथं उघडी पडल्यासारखी वाटत होती.

"आता ह्या दिवसांत ढग कुठून आणावा?" मल्लप्पा म्हणाले. "स्टुडिओत काय करता तुमी?"

"स्टुडिओत दिव्यापुढं पांढरं कापड धरतो."

मी सहज बोलून गेले. मल्लप्पांचा चष्मा चमकला. "मग लावू की कापड! आख्ख्या बागेवर!"

"त्यांला सांगा," शरणप्पा तत्काळ म्हणाले, "माझ्या बाजूचं कापड मी लावणार."

"त्यांला सांगा, मी कुठं त्यांच्या बाजूचं लावायलोय?"

दोघांनी एकाच वेळी फोन काढले आणि दोघांनीही बिदरच्या एकाच मांडववाल्या रशीदभाईंना फोन लावला. थोरल्यांना लाइन मिळाली, धाकट्यांना एंगेज. त्यावरही धाकटे मला काहीतरी सांगायला लावणार होते, पण मी तोवर शिडीवर चढून बसले.

रशीदभाई आले, बाग बघितली, टोपी मागं सरकवली. "अक्का, शादी किसकी है?"

"कुणाची नाही भाई. बागेला सावली करायचीय."

"बागकू सावली?" ते अशोकाच्या रांगेकडं बघत राहिले. "झाडां खुद सावली देते ना अक्का? उनकू कैकू होना?"

मी त्यांना गाळलेल्या उजेडाचं शास्त्र समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "हौ. लोगां पैले माणसाकू मांडव डालते थे, अब फुलांकू. डालते." आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मांडव उभा करतो असं सांगून गेले.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर मी पोचले तेव्हा लोखंडी पाइप कडेला उभे राहून त्यांच्यावर उंच पांढरं कापड ताणून झालं होतं. एका अशोकाच्या रांगेपासून दुसऱ्या रांगेपर्यंत, हद्दीची रेघ न बघता, सलग. रशीदभाईंना दोन तुकडे मधे जोडायला बजावलं होतं, पण त्यांच्याकडं एकच मोठं कापड होतं. मी खाली उभी राहिले आणि उजेड बघायला तळहात पुढं धरला. उजेड ताकासारखा झाला होता. मऊ, पांढरा, सगळीकडं सारखा. प्रत्येक पाकळी आपल्या रंगात. कुठं सावली नाही, कुठं भगभग नाही. असा उजेड मी आयुष्यात पुन्हा बघितला नाही. मी शिडी लावली, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"कार्य कुणाचं हाय?"

मागं एक म्हातारबुवा उभे. धुतलेलं धोतर, नवी टोपी, हातात नारळ.

"कार्य नाही, काका."

"मांडव हाय की."

त्यांच्या मागून दोन बायका आल्या, ओटीचं ताट घेऊन. त्यांच्या मागून रिक्षाभर माणसं. मी शरणप्पांकडं बघितलं, शरणप्पांनी अशोकाकडं बघितलं. माणसं दोन्ही फाटकांनी आत यायला लागली आणि जो तो एकच बोलत होता. भाऊ भाऊ एक झाले! दोन्ही घरांवर मिळून मांडव पडला! जेवण हाय!

मी शिडीवरून ओरडले, "अहो, बाजूला व्हा, फोटो काढायचाय!" त्याचा उलटाच परिणाम झाला. फोटो म्हटल्यावर सगळ्यांनी केस सारखे केले आणि पुढं सरकून उभे राहिले.

तेवढ्यात एक जीप थांबली आणि तीतून गंगाआत्या उतरली. ही या दोघांच्या बापाची धाकटी बहीण, बिदरच्या वाटेवरच्या एका गावात दिलेली. कपाळभर विभूती, हातात काठी, आवाज लाउडस्पीकरसारखा. तिनं मांडवाकडं बघितलं, दोन्ही भाच्यांना दोन्ही हातांनी धरून ओढलं आणि मोठ्यानं रडायलाच लागली.

"एक झालाव रे बाबांनो! माझा भाऊ वर बघायलाय! आज मी मेले तरी चालतंय!"

दोन्ही भाऊ तिच्या दोन काखांत, एकमेकांपासून वीतभरावर, माना विरुद्ध दिशेला वळवून उभे. शरणप्पांनी मला डोळ्यानं जवळ बोलावलं आणि पुटपुटले, "त्यांला सांगा, आत्याला काय सांगू नका म्हणावं. रडायलीय ती."

मी आत्याच्या पाठीमागून वळसा घालून पलीकडं गेले आणि निरोप दिला.

"त्यांला सांगा," मल्लप्पा पुटपुटले, "मी कामून सांगू? मला काय काळीज न्हाई का? पर इतक्यांला जेवाय काय घालावं?"

हे विचारायची गरज नव्हती. दोन्ही घरांच्या मागून धूर निघाला होता. गुरम्मा आणि सुवर्णानं एकमेकींकडं एकदाच बघितलं असावं. मोठी पातेली कुंपणावरून इकडून तिकडं गेली, गूळ एकीचा, गहू दुसरीचा, आणि गव्हाच्या खिरीचा, आमच्या हुग्गीचा, वास बागेत पसरला. कुणी केळीची पानं आणली, कुणी भाकऱ्या. लोकांनी पंगत कुठं धरावी? बाग आखीव, वाटा सरळ. पाटाच्या दोन्ही काठांना लोक मुकाट्यानं दोन रांगांत बसले. इकडं जितके, तिकडं तितके. त्या बागेत वाकडं बसताच येत नव्हतं.

मी शिडीवर बसून राहिले. माझा उजेड माझ्या डोळ्यांदेखत वाया चालला होता. रडू येत होतं आणि हुग्गीचा वासही येत होता.

आत्या पाटाच्या मधोमध खुर्ची टाकून बसली. "कारंजं कामून बंद हाय? माझ्या भावाचं कारंजं सोडा रे."

मोटार पूर्वेला, खोलीत. व्हॉल्व्ह पश्चिमेला, हौदाजवळ. शरणप्पा एकीकडं गेले, मल्लप्पा दुसरीकडं. मी मधे शिडीवर, आणि यावेळी निरोप पोचवायला खाली उतरायचा माझा अजिबात विचार नव्हता. मोटारीचा घुर्र आवाज झाला. पाणी आलं नाही. पाइप गदागदा हलायला लागला.

मोटारीच्या खोलीतून शरणप्पांचा आवाज आला, "सोडलास का न्हाई?"

पंगतीतल्या सगळ्या माना पश्चिमेकडं वळल्या.

"सोडायलोय की!" मल्लप्पा ओरडले. "गंजलंय! बंद कर मोटार!"

"आता कशी बंद करू? तू आदी सोड!"

"आरं पाइप फुटंल!"

"फुटू दे! सोड!"

अबोला मोडला तो असा, पाइपावरून. आणि व्हॉल्व्ह एकदम सुटला.

इतकी वर्षं पाइपात साचलेलं सगळं आधी आलं. तांबडा चिखल, पाला, आणि एक बेडूक, जो थेट ओटीच्या ताटात बसला. मग पाणी आलं. ते चोचीतून सरळ वर उडायचं, पण हंसाचा खालचा नट गंजून सैल झाला होता. पाण्याच्या जोरानं हंस फिरायला लागला. आधी हळू, मग पाळण्यासारखा, मग जत्रेतल्या चक्रासारखा. चोच पूर्वेला, चोच पश्चिमेला, चोच रस्त्याला, चोच माझ्याकडं. दोन्ही पंगतींवर सारखा पाऊस. बायकांनी डोक्यावर पानं धरली, म्हातारबुवांनी हुग्गीवर टोपी झाकली, पोरं पाटात उतरली. रशीदभाई "या अल्ला, मेरा कपडा!" म्हणत खांबाला मिठी मारून उभे.

दोन्ही बाजूंनी दोन्ही भाऊ धावत आले आणि एकाच वेळी हंसावर झेपावले. मल्लप्पांच्या हाती शेपूट लागलं. शरणप्पांच्या हाती मान लागली, आणि पाण्याची सगळी धार त्यांच्या उघड्या तोंडात.

मी फोटो काढला. मुद्दाम नाही. बोट आपोआप दाबलं गेलं. माझी सवय लग्नातली. गडबड झाली की बोट दाबतं.

दुपारी सगळे गेल्यावर बाग बघितली. झिनिया झोपलेली, वाटांचा चिखल, मेंदीवर पानं वाळत पडलेली. स्पर्धेसाठी नवा फोटो काढायला बागच उरली नव्हती. आम्ही तिघं माझ्या पडद्यावर तो एकच फोटो बघत बसलो. उजेड गाळून घेतल्यासारखा. दोन्ही बाजू सारख्या उजळ. डावीकडं एक पंगत, उजवीकडं एक पंगत, मधे हंस आणि त्याला लोंबकळणारे दोन भाऊ. आणि अख्खी बाग दिसत होती, फुलं सोडून.

"ह्योच पाठवा," शरणप्पा म्हणाले, आणि सवयीनं माझ्याकडं वळून, "त्यांला विचारा..." मधेच थांबले. मग भावाकडं बघून म्हणाले, "पाठवू का?"

"पाठव की," मल्लप्पा म्हणाले. "तुजं तोंड बरं आलंय."

बक्षीस मिळालं नाही. मंडळाच्या बाईंनी मला फोन करून विचारलं, "फोटो छान आहे हो, पण बाग कुठंय?" मात्र फोटो मोबाइलवरून फिरला, आणि लोकांनी जनवाड्याला फोन करून वेगळंच विचारलं. हे मंगल कार्यालय कुठलं? आमच्या मुलीच्या लग्नाला मिळेल का?

आता तिथं लग्नं होतात. दोन्ही भाऊ मिळून चालवतात. बोलतात. रोज बोलतात. जेवणाच्या टेबलांवरून, गाड्या लावण्यावरून, बेंजोच्या आवाजावरून. सुवर्णा मला परवा म्हणाली, "अक्का, आबोला लई बरा व्हता. निदान दुपारची झोप तरी लागायची." मी तिथं लग्नाचे फोटो काढायला जाते. गुलाबाचे वाफे काढून तिथं आता स्टेज झालंय. मेंदी उरली आहे ती खुर्च्यांच्या मागं. त्या पहिल्या सकाळी मी चहा हातात धरून बघितलेली बाग कुठल्याच फोटोत आली नाही, याचं मला वाईट वाटतं. पण ते कुणाला सांगावं? तिथं तक्रार करायला गेलं की दोघं भाऊ मिळून एकच उत्तर देतात, आणि मिळून देतात म्हणून गप्प बसावं लागतं.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मी निघाले तेव्हा गंगाआत्या जीपची वाट बघत रस्त्यावर उभी होती. मी तिला नमस्कार केला आणि म्हणाले, "आत्या, तुम्ही आलात म्हणून झालं. पण जेवणाची आवई कुणी उठवली, कळलं नाही."

तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. "आवई न्हवं. मीच सांगितलं सगळ्यांला. तुजा रशीद काल बारशाच्या मांडवाचे पाइप न्यायला आमच्या गावात आला व्हता, त्यानं हसत हसत सांगितलं, जनवाड्यात फुलांला मांडव घालायलेत म्हणून. म्हणलं, मांडव पडतोयच तर वाया कामून घालवायचा? ज्याच्या त्याच्या मोबाइलवर लावला फोन."

"मग ते रडणं?"

"रडणं खरं व्हतं की. रडाय काय लागतंय?" जीप आली. आत्या चढली, बसली, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "अगं फोटोवाले, निंबर्ग्याला माज्या दिराची दोन पोरं हायत. बांधावरून बोलत न्हाईत एकमेकाला. त्या रशीदकडं तेवढंच एक कापड हाय, का आणखी हाय?"

मी म्हणाले, "विचारून सांगते."

"विचारू नको. घेऊनच ये," ती म्हणाली आणि जीप निघाली.